सातवीची रांग

घंटा वाजायची थांबेना आणि विज्ञानाच्या बाई मैदानात उभ्या राहून ग्रंथालयाच्या खिडकीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. त्या खिडकीआड त्यांची लेक लपून बसली होती. बाईंनीच तिला तिथे बसवलं होतं.

आगीच्या सरावाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, कारण त्या शाळेत नव्या होत्या आणि नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आधीचे सराव अगदी लोण्यासारखे व्हायचे. आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागायची, की उद्या मधल्या सुट्टीनंतर अचानक आग लागेल. मुलं बुटांच्या नाड्या घट्ट बांधून आगीची वाट बघत बसायची. मग शाळेच्या पद्धतीने रांगा लागायच्या. सकाळी वर्गात जाताना असो की आग लागल्यावर, इथली रांग म्हणजे प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शिक्षक ‘वर्ग पूर्ण’ म्हणायचे, तपासणीस घड्याळ बघून खूश व्हायचे आणि सगळे चहाला जायचे.

एखादं मूल आतच राहिलं तर कळेल का कुणाला, असं बाईंनी मुख्याध्यापिकांना विचारलं. न कळायला काय झालं, असं त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, बघूया. ठरलं ते असं, की या वेळी सूचना लावायची नाही आणि एक मूल लपवायचं. कुठलं, ते दोघींनाच ठाऊक.

घरी बाई हे बोलल्या तेव्हा लेक टेबलावर गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, “मला लपव. कुणाला कळणार नाही.”

तक्रार नव्हती त्यात. उद्या सुट्टी आहे, असं सांगावं तसं सांगितलं. या गावात येऊन सहामाही उलटली होती आणि शाळा कशी आहे विचारलं की उत्तर एकच, ठीक. एकदाच काय ती कुरकुर ऐकली होती, तीही रांगेत मागे उभ्या असणाऱ्या मुलीबद्दल. तिला सगळी शाळा भोंगा म्हणायची. ती साऱ्या जगाशी बोलते, माझ्याशी मात्र अवाक्षर नाही, आणि खांदा असा धरते, जसा काही बसमधला दांडा.

“आणि कळलं तर?” बाईंनी विचारलं.

“नाही कळणार गं. तू उगाच आशा लावून बसतेस.”

बाईंना दुसरं मूल निवडता आलं असतं. पण विसरून जायला दुसऱ्याचं पोर कुठल्या तोंडाने मागायचं?

आता रांगा एकेक करून मैदानात येत होत्या. सातवीची आली. पुढे त्यांचे वर्गशिक्षक, गणिताचे सर. बाईंच्या जिभेवर आलं, की सर, जरा नीट मोजा. एवढं कानात पुटपुटलं असतं तरी भागलं असतं. पण लेकीला खोटं लगेच कळायचं. तो गुण आईकडूनच आला होता. बाई सरांपासून दोन पावलं लांब सरकल्या.

सरांनी रांगेवरून नजर फिरवली. रांग नेहमीएवढीच लांब दिसत होती. त्यांनी हात वर केला.

“सातवी. वर्ग पूर्ण.”

तपासणिसांनी मान डोलावली.

मग सरांचं लक्ष रांगेच्या मधोमध गेलं. एका माणसाएवढी फट होती तिथे. अंतर नको, पुढे सरका, सर म्हणाले. कुणी सरकलं नाही. त्यांनी परीक्षेत काढतात तो आवाज काढून पुन्हा सांगितलं.

“नाही सरकणार, सर.” हा भोंगा. “आमची एक आत राहिलीय.”

सरांनी विचारलं, कोण. भोंगा पहिल्यांदाच अडली.

“नाव नाही माहीत.” दोघेतिघे हसले. ती नाही हसली. “निळी रिबीन लावते. डबा खाताना वाचत बसते. माझ्या पुढे असते ती, रोज. ती आलीच नाही, तर तुम्ही पूर्ण कसं म्हणता?”

सर बोट नाचवत मोजू लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. तपासणीस घड्याळाकडे बघत म्हणाले, की वेळ हाताबाहेर चालली. मुख्याध्यापिकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “जाऊ दे गेली तर. आधी पोर कुठंय ते बघा.” पोर कुठंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांचा आवाज कापला.

बाई धावतच ग्रंथालयात गेल्या. लेक खिडकीकडे पाठ करून बसली होती. पुस्तक उघडं होतं, पान पहिलंच होतं.

“संपलं?” तिने विचारलं. आणि उठता उठता, सहज आठवल्यासारखं दाखवत, “कळलं का कुणाला?”

बाईंनी तिचा हात धरून तिला पायऱ्यांपर्यंत आणलं आणि हात सोडला.

समोर सातवीची रांग उभी होती, मधली जागा मोकळी ठेवून. त्या जागेच्या मागे भोंगा. तिचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे आलेला, कुणाच्याच खांद्यावर नसलेला. डाव्या हाताने तिने त्याचं कोपर धरून ठेवलं होतं. वर्गातून निघाल्यापासून तो हात तसाच होता.

लेक मैदान ओलांडून गेली आणि त्या जागेत उभी राहिली. तळवा तिच्या खांद्यावर टेकला.

“कुठं होतीस गं?” भोंगा म्हणाली. “हात अवघडला माझा.”