चौथा ठोका

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात वडूजचा म्हातारा महिन्यापूर्वीची तार घेऊन सांगलीच्या तार ऑफिसात आला. "फौजेतल्या पोरानं हितनंच धाडली. नऊ तारखेला येतो म्हणाला, आन् आठलाच आला. ष्टँडवर आमी न्हाई म्हणून एकटाच निघाला, ओढ्याच्या पुरात गेला." मी खणातला त्या तारेचा फॉर्म चोरून पाहिला. पोराच्या अक्षरात स्वच्छ आठ होतं. तार मीच पाठवली होती. मोर्सच्या कळीवर तीन लांब ठोके, दोन आखूड म्हणजे आठ. चौथ्याला बोट उशिरा उचललं की नऊ. "आवं सायेब, त्याचा निरोप एकदा वाजवून दावा. कानानं ऐकतो." बाहेर काही जाऊ नये म्हणून लाइन काढून मी वाजवू लागलो. तारखेच्या आकड्याचे पहिले तीन ठोके नीट गेले. चौथ्याला कळ दाबल्याचा आवाज झाला, सोडल्याचा होईना. म्हातारा कान देऊन थांबला, मग माझ्या हाताकडे बघत राहिला. "उचला की सायेब," म्हणाला, "बोट उचला."