बंदूक टाकून आलेला माणूस

“बाबा वेण्या इतक्या घट्ट घालायचे, की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या,” मुलगी म्हणाली. डोळे पुसता पुसता सगळे हसले.

शोकसभा शाळेनेच ठेवली होती. सैन्यातून परतल्यावर बाबांनी याच शाळेची बस हयातभर चालवली. आई रुग्णालयात परिचारिका. तिची पहाटेची पाळी असली की डबे, इस्त्री, वेण्या, सगळं बाबांच्या गळ्यात. गळ्यात कसलं, ते हौसेने करायचे.

मुलगा मात्र बोलायला उठला नाही. बाबांच्या पलटणीतल्या लोकांसाठी त्याने पुढच्या खुर्च्या राखल्या होत्या. कुणी फिरकलं नाही. का, ते त्याला ठाऊक होतं. लहानपणी वर्गातला एकजण त्याला म्हणाला होता, “तुझा बाप बंदूक टाकून पळाला. म्हणून हाकलला त्याला.”

त्याने घरी येऊन विचारलं, तेव्हा बाबा शर्टाला इस्त्री करत होते.

“टाकली, हे खरं आहे,” एवढंच म्हणाले आणि कॉलर उलटी केली.

त्यानंतर बापलेकात त्यावर शब्द निघाला नाही. पण मुलाच्या मनात गाठ बसली ती बसलीच.

सभा संपत आली तेव्हा काठी टेकत एक म्हातारा आला आणि त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसला. लोक पांगल्यावर तो आईसमोर उभा राहिला.

“युद्धात आमची गाठ पडली होती,” तो एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाला. “शाळेने त्यांचा फोटो टाकला, तो माझ्या नातीला मोबाईलवर सापडला. मी ओळखलं. पण उशीर केला.”

आईने त्याचे हात हातात घेतले. “बसा ना, भाऊ. तुमच्या लोकांपैकी कुणीतरी आलं, बरं वाटलं.”

“माझ्या मांडीत गोळी होती. डोंगरावर धुकं. मी ओरडायचंही सोडून दिलं होतं. ते आले, बंदूक रोखली, थोडा वेळ बघत राहिले. मग मला पाठीवर घेतलं. चढ फार होता. मी घसरायला लागलो, तेव्हा त्यांनी बंदूक दरीत टाकली.”

“का?” मुलाने विचारलं.

“माणूस धरायला दोन्ही हात लागतात.”

मुलगी रडू लागली. आई भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. “मला म्हणाले, हरवली. वर चिडले, की चौकशी करू नकोस.”

मुलाचा आवाज चढला. “हाकललं त्यांना! आम्ही भेकडाची पोरं म्हणून वाढलो. मी स्वतः त्यांना भेकड समजलो. आणि तुम्ही जिवंत होतात! एक शब्द बोलला असतात तर त्यांना पदक मिळालं असतं. बाबांच्या छावणीत येऊन साक्ष का नाही दिलीत?”

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

“कसा येणार, बाळा? त्यांनी मला आमच्या चौकीपाशी पोचवलं होतं. तुमच्या नाही.”