माळी कोण?

"घोळ ज्याचा, तो आज घरी!" साहेबांनी कप टेबलावर आपटला. कपावर सोनेरी अक्षरांत 'चॅम्पियन'. साहेब स्वतः कोड लिहायचे त्या काळातलं त्यांचं टोपणनाव.

दुसऱ्यांचे प्रोग्राम कुठे अडखळतात हे त्यांच्या ट्रेसवरून, म्हणजे मागे राहिलेल्या पाऊलखुणांवरून, ओळखायचं हा या ऑफिसचा धंदा. त्यासाठी जावा भाषेत लिहिलेले अडतीस तपासनीस प्रोग्राम, सगळे एकाच इंटरफेसच्या, म्हणजे समान नियमावलीच्या, छत्राखाली. त्यातल्या सातव्याने सेकंदांचे तास केले आणि गिऱ्हाइकाने चांगलं मशीन भंगारात काढलं. तो लिहिला कुणी? जुन्या नोंदी सर्व्हर बदलताना गेल्या होत्या.

"इंटरफेसमध्येच विचारा, तुला लिहिलं कुणी म्हणून," साहेब म्हणाले.

"मग अडतिसांनाही उत्तर लिहून द्यावं लागेल," चष्मेवाली म्हणाली. ती इथे नवी. "नाहीतर एकही कंपाइल होऊन चालायचा नाही."

"डिफॉल्ट मेथड टाक गं," कोपऱ्यातून मावशी बोलल्या. ऑफिसात सगळ्यांत जुन्या. निवृत्तीला आठ महिने उरलेले. "ज्याला तोंड आहे, म्हणजे त्याच नावाची स्वतःची मेथड आहे, तो स्वतः बोलेल. मुक्याच्या वतीने इंटरफेस बोलेल."

"काय बोलेल?"

"'मावशी' असंच बोलेल!" साहेब हसले. "जुनं सगळं यांचंच की."

चष्मेवालीचे कान तापले. मावशींनी मात्र शांतपणे संत्रं सोलायला घेतलं.

"चालेल. मेथडचं नाव तेवढं 'माळी' ठेव."

"माळी? मावशी, काहीतरीच काय!"

"पूर्वी इथे प्रोग्राम लिहिणाऱ्याला तसंच म्हणायचे. म्हातारीचा हट्ट समज."

"माळी ठेवा नाहीतर कोळी ठेवा," साहेब मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले. "उत्तर मला ठाऊक आहे."

चार ओळी लिहून झाल्या. अडतीसही तपासनीस विनातक्रार कंपाइल झाले.

"यातल्या कुणाला खरंच तोंड असेल का हो?" चष्मेवालीने हळूच विचारलं.

"बघू या की," म्हणत मावशींनी तिच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

तिने बटण दाबलं. साहेब खुर्ची ओढून पुढे सरकले आणि कीर्तनकाराच्या थाटात वाचू लागले.

"पहिल्याचा माळी, मावशी. दुसऱ्याचा, मावशी. तिसऱ्याचा, मावशी..." सहाव्यापर्यंत आवाज चांगलाच चढला होता. "आणि आता आपला सातवा!"

सातव्यापुढे लिहिलं होतं : चॅम्पियन.