काठावरची बाई

"म्या बी येते लातूरला," केवळाबाई म्हणाल्या, आणि रुद्राणीच्या हातातली भाकर तव्यावर पडायच्या आधीच मोडली.

"तुम्ही कशाला, आत्याबाई? बसचे हादरे सोसत नाहीत तुम्हाला."

"सुनंला बक्षीस भेटायलंय. गोष्ट ऐकाय नको का?"

रुद्राणीनं मोडलेली भाकर परत परातीत मळायला घेतली. गोष्ट ऐकायलाच तर त्यांनी यायला नको होतं.

लग्नाआधीपासून ती लिहीत होती. दिवाळी अंकांना कथा पाठवायची आणि वाट बघायची. कुणी साधं उत्तर देत नसे. एका संपादकानं तेवढं कळवलं, 'भाषा बरी आहे, कथेत जीव नाही.' त्या एका ओळीपायी तिनं कितीतरी दिवस लेखणीला हात लावला नाही. मग या उन्हाळ्यात एक कथा अंगात आल्यासारखी उतरली. सून विहिरीत बुडते आहे आणि सासू काठावर उभी राहून नुसती बघते आहे. हाक नाही, दोर नाही. लातूरच्या स्पर्धेत कथेला पहिलं बक्षीस लागलं आणि निरोप आला, विजेत्यांनी आपली कथा मंचावर वाचायची.

सासूला अक्षरओळख नाही, या भरवशावर रुद्राणीनं ती लिहिली होती. पण सासूचे कान शाबूत होते.

कथा मनातली होती. विहीर मात्र खरी होती, निलंग्याजवळच्या त्यांच्या मळ्यातली. तिच्या नवऱ्याची, संगमेश्वरची, पहिली बायको सुकन्या त्याच विहिरीत गेली. पाय घसरला, असं गाव म्हणायचं. लग्न ठरताना संगमेश्वरनं काही लपवलं नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला होता, "मी त्या दिवशी उदगीरला होतो. आई एकटीच होती मळ्यात. तिला कधी विचारू नको. तिला सहन होत नाही."

रुद्राणीनं कधी विचारलं नाही. पण ती बघत राहिली. मळ्यात केवळाबाई तिला एकटं सोडत नसत. ती विहिरीकडं वळली की मागं पावलं वाजायची. सण ना वार, "माहेराला जाऊन ये की," असा त्यांचा तगादा असायचा. संगमेश्वर हसून म्हणायचा, "म्हातारीला सून टिकत नाही बघ." त्याचाच काय तो आधार होता. "तू लिही, बाकीचं मी बघतो," म्हणायचा. ही कथा त्यानं वाचायला मागितली, तेव्हा तिनंच सांगितलं होतं, "आता मंचावरच ऐका."

पण नेमकी ऊसतोडीची टोळी फडात उतरली आणि त्याला घरी थांबावं लागलं.

बसमध्ये केवळाबाई तिला खेटून बसल्या. औसा मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय हाय गोष्टीत?"

"असंच. एका घरातलं."

"कुनाच्या?"

"कुणाच्या नाही, आत्याबाई. खोटंच असतंय सगळं."

"खोटं हाय, तर भ्यायलीस कशाला?"

रुद्राणीनं कथेची पानं पर्समध्ये खोल सारली.

सभागृहात पोचल्यावर तिनं संयोजक तारामतीबाईंना बाजूला गाठलं. "दुसरी कथा वाचली तर चालेल का?"

"अहो, लोक हीच ऐकायला आलेत. आणि मोबाइलवर लाइव्ह चाललंय, तुमच्या घरचे बघत असतील की."

केवळाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कपाळावर विभूती, मांडीवर दोन्ही हात. रुद्राणीनं वाचायला सुरुवात केली. सून पाण्यात पडली, तेव्हा तिनं न राहवून समोर बघितलं. केवळाबाईंची पापणी लवत नव्हती. सासू काठावर आली, तेव्हा त्यांनी पदर तोंडात धरला. पुढं रुद्राणीनं मान वर केलीच नाही.

टाळ्या थांबेनात. ज्याची इतकी वाट बघितली ते घडत होतं आणि तिला फक्त पळून जावंसं वाटत होतं.

ती खाली उतरते तोच संगमेश्वरचा फोन आला.

"ऐकली. शेवटपर्यंत." आवाज नेहमीसारखा मऊ. "कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही हो. सुचलं."

"आई कुठाय?"

"इथंच."

पलीकडं गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मग म्हणाला, "बसनं येऊ नका. गाडी घेऊन निघायलो मी. तिथंच थांब."

रुद्राणीच्या जिवात जीव आला. सासूसोबत एकटीनं परतायला नको.

"काय म्हनला?" केवळाबाई मागंच उभ्या होत्या.

"न्यायला यायलेत."

केवळाबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. माणसांतून वाट काढत त्यांनी तिला बाहेर आणलं, रिक्षात घातलं आणि थेट बसस्थानक गाठलं. अहमदपूरची बस सुटायच्या बेतात होती.

"चढ."

"ही तर माझ्या माहेरची बस, आत्याबाई. ते इकडं येतील आणि..."

"चढ म्हन्ते न्हवं!"

तिला खिडकीशी बसवून केवळाबाईंनी बाहेर पडायची वाट आपल्या अंगानं अडवली. पर्समध्ये फोन वाजू लागला. रुद्राणीनं हात घातला, तर तो हातही त्यांनी दाबून धरला. बस शहराबाहेर पडली. रुद्राणीला रडू फुटलं.

"चुकलं माझं. मला काहीच ठाऊक नाही, सगळं मनानं रचलंय मी. तुम्ही नुसत्या उभ्या होता, असं कुणापुढंच म्हणणार नाही, आत्याबाई. मला सोडा."

केवळाबाईंनी तिच्या हातावरची पकड सैल केली.

"काठावर म्या हुते, त्ये खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर नुसती हुबी न्हवते गं पोरी. सुकन्याच्या मानंवरचे संगमेश्वरचे हात सोडवत हुते."