मोंबासाचा प्रसाद

"अहो, मामंजींच्या कीर्तनाला लोटणारं मोंबासा ते हेच का?" इंदुमतीबाईंनी पदराने वारा घेत विचारलं. "मला तर टायरचं दुकान दिसतंय."

लहानपणी इथून निघालेले भार्गवराव म्हातारपणी बायको-मुलाला जन्मघर दाखवायला आले होते. "रेल्वेतले साहेब काय, शेजारचे आफ्रिकन काय, सगळे आमच्या अंगणात डोलायचे!" हे इंदुमतीबाई लग्नापासून ऐकत होत्या. दरवर्षी त्यात दोन-चार साहेब वाढतात, हेही त्यांच्या ध्यानात होतं.

"बाबा, या टायरवर उभे राहा," मुलगा म्हणाला. "आजोबांची गादी म्हणून फोटो काढतो."

भार्गवरावांचा चेहरा पडला. पण त्यांनी डोळे मिटले आणि टायरांच्या ढिगासमोर हट्टाने ललकारी दिली, "पुंडलिक वरदेऽऽ!"

"हाऽरि विठ्ठल!"

उत्तर रस्त्यापलीकडून आलं. तिथे कसावा कंदाचे काप तळत बसलेली आफ्रिकन म्हातारी लगबगीने उठून आली आणि उजव्या तळव्याखाली डावा धरून लहान पोरीसारखी प्रसादासाठी उभी राहिली.

आता प्रसाद आणायचा कुठून? भार्गवराव नुसते खिसे चाचपू लागले. शेवटी इंदुमतीबाईंनीच विमान लागेल म्हणून पर्समध्ये ठेवलेली खडीसाखर काढली, म्हातारीच्या हातावर ठेवली आणि गुपचूप डोळे टिपले.

"झालं!" त्या मुलाला म्हणाल्या. "आता जन्मभर या म्हातारीची गोष्ट ऐकायची. पुढच्या वर्षी हिच्या दहा होतील, बघच तू."