सात नंबरचा आकडा

सात नंबरचा आकडा आठशे ऐंशी आला, तेव्हा वहिनीने हातातलं पेन खाली ठेवलं. सात नंबरच्या कॉटवर तिचा नवरा होता.

लॅबमध्ये तिला सगळेच वहिनी म्हणत. तिची नणंद वरच्या आयसीयूत सिस्टर होती आणि खिडकीशी येऊन "वहिनी, सॅम्पल" अशी हाक मारायची, म्हणून. तापाची साथ आल्यापासून वरच्या प्रत्येक रुग्णाची लघवी रोज सकाळी खाली यायची. मूत्रपिंडाला सूज चढली की रक्तात ती दिसायला दोन दिवस लागत. लघवीत आधीच कळे. शंभरच्या आत आकडा म्हणजे निर्धास्त. पाचशेच्या वर जाऊन घरी परतलेले इतके थोडे होते, की वहिनीला ते तोंडपाठ होते.

वर नातेवाइकांना बंदी होती. नणंदही घरी येत नव्हती, हॉस्टेलवरच राहत होती. आकडा ऐकून ती एवढंच म्हणाली की दादा माझ्या डोळ्यांसमोर आहे, तू तुझं काम कर.

दुसऱ्या दिवशी आकडा आला बासष्ट.

वहिनीने पुन्हा तपासला. बासष्टच. लॅबमधल्या नऊ वर्षांत इतका झपाट्याने उतरलेला आकडा तिने पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा तपासायला मात्र तिचा हात धजला नाही. तिने गावी सासूला फोन लावला आणि सांगितलं, सुटलो आपण. सासू बराच वेळ रडत राहिली.

तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. मास्क, चष्मा आणि वर प्लॅस्टिकची ढाल, त्यामागे नणंदेचा चेहरा कधी दिसतच नसे. दादा काय म्हणतो, असं वहिनीने विचारलं.

"जेवलीस का, विचारत होता," नणंद म्हणाली आणि क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहिली.

दमलीस, जरा पड जाऊन, असं वहिनीने तिला बजावलं.

चौथ्या दिवशी हाक आलीच नाही. खिडकीत बाटली ठेवलेली होती. लेबलावर नणंदेचंच अक्षर, थोडं वाकडं.

आकडा सातशे चाळीस.

वहिनी कागद घेऊन जिन्याने धावत वर गेली. आयसीयूच्या दारातच डॉक्टर भेटले. धापा टाकतच तिने सांगितलं की सात नंबरचा आकडा फिरलाय, डायलिसिसची तयारी करा, अजून वेळ गेलेली नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"सिस्टरनी तुम्हाला सांगितलं नाही?" ते हळू आवाजात म्हणाले. "कागदांवर सह्या त्यांनीच केल्या. घरी मीच सांगते म्हणाल्या. सात नंबरची कॉट तीन दिवस रिकामी आहे, वहिनी."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर अजून कागदाकडेच पाहत होते. ही लघवी कधीची, त्यांनी विचारलं. आज सकाळची, ती कशीबशी म्हणाली. बाटली नणंदेनेच ठेवली होती.

"सिस्टर आज कामावर आल्याच नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि हॉस्टेलच्या दिशेने धावत सुटले.