डावी बाजू

“इथे स्क्रू नव्हता,” बाबा म्हणाले. काठीचं टोक त्यांनी मोटारसायकलच्या साखळीवरच्या झाकणाला लावलं. “इथे नुसतं भोक होतं. त्यात चिंधी कोंबलेली असायची.”

लेकीने वहीत लिहिलं: दोष क्रमांक एकोणीस. ती धातूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि सगळंच क्रमांक घालून लिहायची. लढाईच्या काळातली ही मोटारसायकल दोन वर्षांपूर्वी तिने भंगारातून आणली, तेव्हा तो नुसता गंजाचा गोळा होता. बाबा लढाईत जी चालवायचे, अगदी त्याच जातीची. सगळ्या सुट्ट्या गॅरेजमध्ये घालवून तिने ती उभी केली. आता इंजिन पहिल्या नाही तरी तिसऱ्या किकला हमखास धडधडायचं. रविवारी माजी सैनिकांचं संचलन होतं, आणि सगळ्यांच्या पुढे मी ही गाडी चालवीन, असं बाबांनी भर सभेत कबूल करून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांना रोज एक तरी दोष सापडत होता.

“अहो, भाजीत मीठ आहे की नाही हे तुम्हाला चाळीस वर्षांत कळलं नाही,” आई दारातून म्हणाली, “आणि साठ वर्षांपूर्वीचं भोक आठवतं?”

“भाजीचं वेगळं असतं. भाजी काही जिवावर बेतत नाही.”

“तुम्ही केली की बेतते.”

बाबांची लढाईची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तेरा मैल, दिवा बंद, डोक्यावरून तोफगोळे, आणि खिशात मोठ्या साहेबांची चिठ्ठी. लेक लहान होती तेव्हा मैल नऊच होते. गोष्टीत एक तुटका पूल होता, रस्त्यात आडवी बसलेली गाय होती. दुसरा माणूस मात्र कधीच नव्हता.

“बाबा, रविवारी जमेल ना?”

“आधी दोष तर संपू देत.”

“किक मारायच्या आधी काय काय करायचं, आठवतं?”

“करायचंय काय? मारायची.”

लेकीने वही मिटली. या गाडीला आधी हाताने पेट्रोल चढवावं लागायचं, मग हँडलवरची लहान दांडी दाबून इंजिन हलकं करावं लागायचं. तसं न करता किक मारली की ती उलटी बसे आणि माणूस आठवडाभर लंगडे. हे शिकताना ती स्वतः दोनदा लंगडली होती. हे विसरणाऱ्याच्या लक्षात चिंधी कशी राहते?

संध्याकाळी तिने गाडीच्या दोन्ही बाजूंची चित्रं काढली आणि एकोणीस दोष लाल ठिपक्यांनी मांडले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उजव्या बाजूला एकही ठिपका नव्हता. चालवणाऱ्याच्या नाकासमोर वेगाचा काटा असतो, त्याबद्दल बाबांनी दोन वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. सगळे ठिपके डावीकडे. त्यांच्या गाडीच्या टाकीवरच्या आकड्यातला अर्धा पुसलेला सात. पाय ठेवायच्या रबराचा झिजलेला बाहेरचा कोपरा. हँडलच्या खालच्या अंगाला गुंडाळलेली तार.

ती सीटवर बसून पाहू लागली. तिथून यातलं काहीच दिसेना. मग ती गाडीच्या डावीकडे बुटक्या स्टुलावर बसली. तिथून सगळं हाताच्या अंतरावर होतं.

म्हणजे सीटवर दुसरंच कोणीतरी होतं. बाबा शेजारी होते.

कोपऱ्यात, पोत्याखाली, गाडीबरोबर आलेली साइडकार पडली होती. बाबांच्या गोष्टीत साइडकार नाही म्हणून तिने ती जोडलीच नव्हती. आणि घरातल्या कपबशीपर्यंत सगळ्यात खोड काढणाऱ्या बाबांनी त्या कोपऱ्याकडे एकदाही काठी वळवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. साइडकारचा गंज खरवडला, सडलेल्या तळाला पत्रा मारला, आणि अंधार पडायच्या आत ती गाडीच्या डाव्या बाजूला बोल्टांनी घट्ट बसवली.

शनिवारी सकाळी बाबा विसावा दोष घेऊन आले आणि दारातच थांबले.

“ही कशाला जोडलीस?”

“तुमचा गुडघा काही किक मारू द्यायचा नाही, बाबा. उद्या गाडी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा, रस्ता सांगा.” तिने नजर हातातल्या पान्यावरच ठेवली. “लोकांना सांगू, डॉक्टरांनी मनाई केली म्हणून.”

“बोलायचीही केलीय, असं सांग,” आई म्हणाली. “म्हणजे संचलन वेळेवर संपेल.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. एक हात साइडकारच्या काठावर, उजवा पाय आधी आत, मग अंगाची घडी करून खाली सरकणं. घरातला जिना चढताना तीनदा थांबणारा माणूस कुठेही न बघता साइडकारमध्ये जाऊन बसला. आई दारातून दोन पावलं पुढे आली.

बाबांनी मान वर करून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

लेकीने पेट्रोल चढवलं, लहान दांडी दाबली. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं आणि गॅरेजचा पत्रा थरथरू लागला. ती सीटवर बसली. गियर टाकणार तोच बाबांनी तिचा कोपर धरला.

“आधी हेल्मेट घाल,” ते म्हणाले. “त्या दिवशी त्याने घातलं नव्हतं.”